नावाजलेली प्रयोगशाळा की नळावरचे नमुने?

पत्राचा सारांश : रसायनशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला पुढे पर्यावरणीय आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे. उन्हाळी इंटर्नशिपसाठी तिने सहा ठिकाणी अर्ज केले. जिथे जाण्याची सर्वांत जास्त इच्छा होती, त्या संशोधन संस्थेने नकार कळवला. आता तिच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक आहे विद्यापीठातील नावाजलेल्या प्रयोगशाळेचा : आठ आठवडे, विद्यावेतन नाही, हवाप्रदूषणावरचे शोधनिबंध वाचून त्यांतील माहितीचे तक्ते तयार करायचे आणि ‘जमल्यास’ निबंधावर नाव. दुसरा नगराच्या आरोग्य विभागाचा : तितकेच आठवडे, माफक विद्यावेतन, निरीक्षकांबरोबर फिरून पिण्याच्या पाण्याचे आणि जलतरण तलावांचे नमुने घ्यायचे व नोंदी ठेवायच्या. मैत्रिणी या दुसऱ्या कामाला ‘बाटल्या वाहण्याचे काम’ म्हणतात. ते स्वीकारले तर पुढच्या शिक्षणाच्या अर्जात आपली बाजू लंगडी पडेल आणि पहिले स्वीकारले तर दोन महिन्यांचा खर्च घरच्यांवर पडेल, अशी तिची कोंडी झाली आहे. ‘नकार आला तेव्हाच मी या क्षेत्रासाठी कमी पडते हे ठरले का?’ असेही तिने विचारले आहे. उत्तर कळवायला दहा दिवस उरले आहेत.

उत्तर :

नकाराचा विषय आधी हातावेगळा करू, कारण तो मनात असताना उरलेल्या दोन पर्यायांकडे तुम्ही स्वच्छ नजरेने पाहू शकणार नाही. अशा संस्थांत एका मार्गदर्शकाकडे एखाददुसरीच जागा असते. ती कोणाला मिळेल, हे पुष्कळदा त्या उन्हाळ्यात तिथे कोणते उपकरण चालू आहे आणि कोणत्या अर्जदाराने ते आधी हाताळले आहे, एवढ्यावर ठरते. तुमच्या कुवतीचे मोजमाप त्यात झालेले नाही. मात्र अर्ज पुन्हा काढून एकदा जरूर वाचा. ‘मला पर्यावरणाविषयी आस्था आहे’ हे वाक्य त्यात असेल (मी वाचलेल्या बहुतेक अर्जांत ते असते), तर पुढच्या वेळी त्या जागी तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहा. आस्था सगळ्यांनाच असते. निवड करणाऱ्याला प्रश्न लक्षात राहतो.

आता तुमच्या पत्रात न लिहिलेले, पण ओळीओळीत असलेले एक गृहीतक पाहू. प्रयोगशाळेत किंवा संगणकासमोर होते ते शास्त्र आणि बाहेर फिरून होते ती हमाली, असे तुम्ही मानून चालला आहात. मैत्रिणींचा शेरा तुम्हाला लागला, तो त्यामुळेच. पण पर्यावरणीय आरोग्य या विषयाचे सगळे स्वारस्य प्रदूषणाचा उगम आणि माणसाचे शरीर यांच्यामधल्या वाटेत आहे. अमुक पदार्थ कुठून निघाला, हवेतून आला की पाण्यातून की धुळीतून, कोणापर्यंत किती पोहोचला आणि किती काळ पोहोचत राहिला, हे ठरवणे हे या शास्त्राचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१२ साली जगभरात सुमारे १ कोटी २६ लाख मृत्यूंचा, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी जवळपास २३ टक्के मृत्यूंचा, संबंध पर्यावरणातील टाळता येण्याजोग्या घटकांशी होता. ही वाट प्रयोगशाळेच्या दारापाशी सुरू होत नाही. नळ, चूल, कारखाना आणि रस्ता यांच्यापाशी ती सुरू होते.

तुम्ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांची एक गोष्ट सांगते. कॉलरा पसरवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा दांडा त्यांनी काढायला लावल्याची कथा सर्वांना पाठ असते. ही त्या मानाने कमी सांगितली जाते. १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या अंगाला नेले होते; साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातल्या, भरती-ओहोटी पोहोचणाऱ्या घाण पात्रातूनच पाणी उचलत होती. ज्या घरात मृत्यू झाला तिथे कोणत्या कंपनीचे पाणी येत होते, एवढेच कळायला हवे होते. पण पुष्कळ भाडेकरूंना कंपनीचे नाव माहीत नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरत असे. स्नो दारोदार फिरले, काही भागांसाठी जॉन जोसेफ व्हायटिंग नावाच्या सहकाऱ्याला त्यांनी मदतीला घेतले, आणि उत्तर मिळाले नाही तिथून लहान कुपीत पाणी घेऊन ते परतले. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातले की उलगडा होई. भरतीमुळे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यात मीठ जास्त असे, लॅम्बेथच्या पाण्याच्या सुमारे ४० पट. त्यामुळे एका कुपीत दाट पांढरा साका बसे आणि दुसरीत नुसता धूसरपणा येई. क्लोराइडची ही परीक्षा तुम्ही महाविद्यालयात केलेलीच असेल. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्यांचा हिशोब असा होता : साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू आणि लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७. ही संख्या ज्यातून निघाली, ते काम मैत्रिणींच्या भाषेत बाटल्या वाहण्याचेच होते.

बाटली भरणे हे किती डोक्याचे काम आहे, हे मला माझ्या पहिल्या उन्हाळ्यात कळले, आणि ते चुकूनच कळले. पिण्याच्या पाण्यातील जिवाणूंच्या तपासणीसाठी मी बारा ठिकाणांहून नमुने आणले. बाराही निकाल शून्य आले. ‘पाणी सुरक्षित आहे’ असे वहीत लिहून मी मोठ्या समाधानाने मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी निकालाकडे पाहिलेही नाही. बाटल्या कोणत्या कपाटातून घेतल्या, एवढेच विचारले. जिवाणूंच्या नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, कारण पाण्यातील क्लोरीन तिथल्या तिथे निकामी झाला नाही, तर नळापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात तो उरलेसुरले जिवाणू मारत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. माझ्या बाटल्या रासायनिक तपासणीच्या होत्या, त्यांत थायोसल्फेट नव्हते. बाराही ठिकाणी पुन्हा जावे लागले. चूक माझी होती, पण ती पकडणारा माणूस तिथे होता हे माझे नशीब, आणि त्या माणसाविषयी मी पुढे पुन्हा बोलणार आहे.

त्याच नळाचा आणखी एक विचार करा. जिवाणू शोधायचे असतील तर नळाच्या तोंडाची जाळी काढतात, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देतात, तोंड निर्जंतुक करतात आणि मग नमुना घेतात. त्याच नळाच्या पाण्यात घरातील जुन्या नळजोडण्यांमधून शिसे उतरते आहे का हे पाहायचे असेल, तर नेमके उलटे करावे लागते : जाळी जागेवर राहू द्यायची, किमान सहा तास नळ कोणी उघडलेला नसावा आणि पहिलेच लिटरभर पाणी बाटलीत घ्यायचे. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलल्यानंतर नळाच्या पाण्यात शिसे उतरले, त्या प्रकरणात हा बारकावा अंगाशी आला. नमुन्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिली जात होती. त्यामुळे नळजोडणीत साठलेले शिसे आधीच वाहून जाण्याची आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची सोय झाली. म्हणजे अहवालातली संख्या खरी की खोटी, हे कित्येकदा महागडे उपकरण सुरू होण्याच्या आधीच, आदल्या रात्री एका स्वयंपाकघरात ठरून गेलेले असते. जो विद्यार्थी कधी नळापाशी उभाच राहिलेला नाही, त्याला तो तक्ता वाचताना ही शंका येणार कशी?

इथपर्यंत वाचून मी तुम्हाला डोळे मिटून आरोग्य विभागात पाठवते आहे, असे वाटेल. तसे नाही. दोन्ही ठिकाणी तुमचा उन्हाळा वाया जाऊ शकतो, फक्त वेगवेगळ्या रीतीने. कार्यालयात मनुष्यबळ कमी असते, काम तुंबलेले असते आणि चुणचुणीत विद्यार्थी हाती लागला की पहिल्या आठवड्यातच त्याच्यापुढे जुन्या नोंदी संगणकावर चढवण्याचा ढीग येतो. आठ आठवडे संपतात तेव्हा बाटली एकदाही हातात आलेली नसते. दुसरीकडे, शोधनिबंधांचे तक्ते करणे हेही तुम्ही समजता तेवढे निर्जीव काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, तीही जगभरच्या अभ्यासांच्या अशाच पद्धतशीर आढाव्यांच्या आधारे. दोन वाचक एकच निबंध स्वतंत्रपणे वाचतात, माहिती वेगवेगळी नोंदवतात आणि मग ताडून पाहतात. हे नीट शिकवले गेले, तर तुम्ही आयुष्यभर कोणताही शोधनिबंध भाबडेपणाने वाचणार नाही.

म्हणून संस्थेच्या नावाऐवजी दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट शोधा : माझ्या कामातली चूक कोण पकडणार? आरोग्य विभागाला विचारा की रोज माझ्याबरोबर कोणता निरीक्षक असेल, तो रजेवर गेला तर कोण, आठवड्यातले किती दिवस बाहेरचे आणि किती बैठे, आणि मी घेतलेला नमुना प्रयोगशाळेत तपासला जात असताना मला तिथे उभे राहता येईल का. शेवटचा प्रश्न सोडू नका. नमुना घेण्यापासून निकालाच्या संख्येपर्यंतचा सगळा प्रवास एकदा तरी आपल्या डोळ्यांनी पाहणे, ही या वयात मिळण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे. विद्यापीठातील प्राध्यापकांना विचारा की माझे तक्ते दुसरे कोणी ताडून पाहणार आहे का, आठवड्यातून एकदा तरी माझ्याशी कोण बोलेल, आणि निबंधावर नाव येण्यासाठी नेमके किती आणि कोणते काम करावे लागेल. यावर स्पष्ट उत्तर मिळाले तर उत्तम. ‘बघू पुढे’ असे उत्तर आले, तर ‘जमल्यास’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा धरून निर्णय घ्यावा, असे माझे अनुभवाचे मत आहे.

पैशांविषयी तुम्ही पत्रात फार अपराधी सुरात लिहिले आहे; तसे वाटण्याचे काही कारण नाही. आठ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ३२० तास होतात. एवढे तास विनामोबदला देणे ज्यांना परवडते, त्यांच्याच वाट्याला मोठ्या नावांच्या संधी येत असतील, तर तो त्या व्यवस्थेतला दोष आहे, तुमच्यातला नव्हे. प्राध्यापकांना स्पष्टपणे विचारता येते की विद्यावेतनाची काही तरतूद आहे का, किंवा हे काम कमी तासांचे आणि घरून करता येईल का. हा प्रश्न उद्धट ठरत नाही, आणि ज्याला तो उद्धट वाटेल त्याच्या हाताखाली न जाणेच बरे.

याच प्रश्नातून मला तुमच्या पेचाचे उत्तरही दिसते. शोधनिबंध बारा महिने वाचता येतात. आठवड्याला सहा तास दिले तर महाविद्यालय सुरू असतानाही तक्ते होतात. जलतरण तलावावरची गर्दी मात्र उन्हाळ्यातच असते. पाणी तापले की त्यातला क्लोरीन लवकर संपतो, पोहणाऱ्यांची संख्या वाढली की आणखी लवकर. तपासणीचे खरे काम याच दिवसांत असते आणि तुम्हालाही सलग आठ आठवडे याच दिवसांत मोकळे मिळतात. तेव्हा वरच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे आली, तर आरोग्य विभागाला होकार द्या आणि प्रयोगशाळेला नकार न देता वेळ मागा. कसा, ते शेवटी सांगते.

होकार दिल्यावर निरीक्षकांच्या संमतीने स्वतःसाठी एक छोटा प्रश्न ठरवून घ्या, नाहीतर आठ आठवडे नोंदींच्या रांगेत निघून जातील. प्रश्न लहान हवा, कारण अमुक प्रदूषणाने अमुक आजार होतो हे दोन महिन्यांत कोणीही सिद्ध करू शकत नाही. एक उदाहरण देते. तलावावर नाकाला झोंबणारा वास आला की लोकांना वाटते, क्लोरीन भरपूर आहे. वास्तविक तो वास बहुतांशी क्लोरामाइनांचा असतो. घाम आणि लघवी यांतल्या नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात, आणि जंतू मारण्याची त्यांची ताकद मुक्त, म्हणजे असा संयोग न झालेल्या, क्लोरीनपेक्षा पुष्कळ कमी असते. डीपीडी हे रसायन क्लोरीन असलेल्या पाण्यात घातले की गुलाबी रंग येतो; या चाचणीने आधी मुक्त आणि मग एकूण क्लोरीन मोजता येतो. दोहोंतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. एकाच तलावात सकाळी गर्दीपूर्वी आणि संध्याकाळी गर्दीनंतर हे आकडे कसे बदलतात, एवढाच प्रश्न घेतला तरी आठ आठवड्यांना पुरेल आणि विभागालाही त्याचा उपयोग होईल. एक सावधगिरी : क्लोरीन फारच जास्त असेल तर तो डीपीडीचा रंगच उडवून टाकतो आणि नमुना पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. रंग न दिसल्यास शून्य लिहिण्याआधी नमुना क्लोरीनविरहित पाण्याने पातळ करून पुन्हा पाहा.

लोकांना प्रश्न विचारून माहिती गोळा करण्याच्या मोहात मात्र पडू नका. माणसांवरच्या अभ्यासाला नीतिविषयक समितीची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत तुमचा उन्हाळा संपलेला असतो. मंजुरी आधीच मिळालेल्या एखाद्या कामात तुम्हाला सामील करून घेतले, तर गोष्ट वेगळी. कोणाच्या घराच्या पाण्यात काय सापडले हेही वहीबाहेर जाता कामा नये. पत्ता असलेले पान छायाचित्रातसुद्धा नको.

वहीचा विषय निघालाच आहे, तर तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचे तापमान आणि नमुना घेणाऱ्याची सही तिथल्या तिथे शाईने लिहायची. चुकले तर एक रेघ मारून शेजारी आद्याक्षरे लिहायची. खाडाखोड करायची नाही. प्रत्येक फेरीत नमुने घेण्याच्या जागीच एक बाटली निर्जंतुक शुद्ध पाण्याने भरून, इतर बाटल्यांबरोबर परत आणायची. तिला ‘फील्ड ब्लँक’ म्हणतात. तिच्यात जिवाणू निघाले तर दोष नळाचा नसून आपल्या हाताळणीचा असण्याचा संभव मोठा, आणि तो दिवस कितीही कष्टाचा गेलेला असला तरी ते निकाल बाजूला ठेवावे लागतात.

सुरक्षिततेबाबत एकच गोष्ट बजावून सांगते, बाकीच्या गोष्टी विभाग सांगेलच. मलनिस्सारणाच्या विहिरीत, टाकीत किंवा कोणत्याही बंदिस्त जागेत कोणाच्याही सांगण्यावरून उतरू नका, डोके घालून वाकूही नका. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो हे तुम्ही पाठ केले असेल. पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असे समजणारे त्यातून परत आलेले नाहीत. विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाशी बोलून ठेवा.

पुढच्या शिक्षणाच्या अर्जाची तुम्हाला धास्ती आहे. निवड समितीसमोर अनेक अर्जांत मोठी नावे असतात आणि खाली ‘संशोधनात साहाय्य केले’ अशी एक ओळ असते. सातव्या आठवड्यात दोन पानांचा अहवाल लिहा. त्यात प्रश्न, पद्धत, निकाल आणि काय चुकले ते लिहा, आणि आकडे वापरायला विभागाची लेखी परवानगी घ्या. ज्या निरीक्षकाने तुमचे काम रोज पाहिले, त्याच्याकडून शिफारसपत्र मागा. तुम्हाला एकदाच भेटलेल्या प्रख्यात प्राध्यापकाच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा त्या पत्रात सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

ज्या वाचकांकडे या उन्हाळ्यात एकही होकार नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. हवेच्या गुणवत्तेचे मोजमाप अनेक ठिकाणी सर्वांना खुले असते. एखाद्या केंद्राचे वर्षभराचे आकडे घ्या, गाळलेल्या नोंदी कुठे आहेत ते शोधा, आणि जवळच स्वस्तातला सेन्सर असेल तर दोहोंची तुलना करा. असे सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा फुगतो. हे स्वतः आलेख काढून पाहिलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी अर्ज करील, तेव्हा त्याच्याजवळ प्रश्न असेल.

आता प्राध्यापकांना पाठवायचे पत्र. आरोग्य विभागाची उत्तरे दोन-तीन दिवसांत मागवा, म्हणजे दहा दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवता येईल. मजकूर साधारण असा ठेवा : ‘आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. या उन्हाळ्यात मी आरोग्य विभागात पाण्याचे नमुने घेण्याचे काम स्वीकारत आहे. विद्यावेतनाशिवाय पूर्ण वेळ येणे मला शक्य नाही. आपल्या आढाव्याचे काम पुढच्या सत्रात सुरू असेल, तर आठवड्याला सहा तास देण्याची माझी तयारी आहे. त्याआधी एक निबंध नमुन्यादाखल पाठवल्यास मी त्याचा तक्ता करून देईन, म्हणजे माझे काम आपल्याला पाहता येईल.’ निबंध आला, तर पद्धतीचा भाग आधी वाचा आणि नमुने कोणी, कुठे व कसे घेतले याची माहिती दिली नसेल, तर तक्त्यात तो रकाना रिकामा ठेवून शेजारी तसे लिहा.